दीड एमएमची किल्ली

सोयाबीनचा भुसा हवेत उडायला लागला की माझा उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला जातो. एखादी बारीक गोल वस्तू दोन बोटांत फिरवून पाहावी तसा. यंदा दसऱ्याच्या सुट्टीला पुण्याहून आले आणि झरीच्या थांब्यावर एसटीतून उतरताना पहिल्यांदा तेच झालं. पलीकडच्या रानात मळणी यंत्र चालू होतं. त्याच्या तोंडातून भुसा सुटत होता आणि दुपारचं ऊन त्या भुशात अडकून राहिलं होतं. आमच्याकडचं ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यातल्यासारखं सरळ डोक्यावर पडत नाही. ते ओल्या मातीतून वर येतं, मानेच्या मागे चिकटतं. नाकात भुसा, घशात खाज, कुठल्यातरी मंडपातून देवीच्या आरतीचा भोंगा. हे सगळं एकत्र आलं की मला तीन वर्षांपूर्वीची अष्टमी आणि नवमी आठवते.

घराच्या पुढच्या खोलीत पप्पांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी येतात, पप्पा त्यांतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरतात. खोलीला कायम वॉर्निशचा वास असतो. आज अष्टमी. मी आले तेव्हा पप्पा डिझेलच्या तसराळ्यात पाने धूत होते. धुतलेली हत्यारं ओळीनं पोत्यावर मांडलेली: पक्कड, हातोड्या, रिंग पाने, ड्रिल, सोल्डरिंगची इस्त्री आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेल्या एलन की, म्हणजे सहा कोनांच्या वाकड्या किल्ल्या. उद्या खंडेनवमी. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत यातल्या एकालाही हात लावायचा नाही. पप्पा देवळात फारसे जात नाहीत, उपवासही विसरतात, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा नियम त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नव्हता. गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी एकच उत्तर. वर्षभर आपलं ऐकत्यात, एक दिस त्यांना पडू द्या.

मी परभणीच्या इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात मराठी बोललं की वहीत नाव लिहिलं जायचं. घरी तोंडातून इंग्रजी शब्द निघाला की गल्लीतल्या बाया हसून म्हणायच्या, मॅडम आल्या बघा. दोन्हीकडे चुका व्हायच्या, म्हणून मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले, आणि पुढं तीच सवय झाली. दुकानात माणसं आली की मी तारेच्या रिळांमागच्या स्टुलावर बसायचे. तिथून सगळं दिसायचं, मी कुणाला दिसायचे नाही. कोण खरं सांगतंय, कोण मोटार स्वतःच जाळून आता तिला दोष देतोय, हे मला तिथून कळायचं. सांगायचे मात्र कुणालाच नाही.

बारावीनंतर हैदराबादच्या मामांनी मला रिमोटवर चालणारी गाडी आणली. मामींनी ड्रेस घ्यायला पाठवलं होतं, असं नंतर कळलं. सव्वा वीत लांब, रबरी काट्यांची चार चाकं, पुढं-मागं दोन-दोन बारीक दिवे. आईला वाटलं, मामा आपली पोरगी अजून पाचवीत आहे असं समजतात. मी ती गाडी चालवली कमी आणि उघडली जास्त. उघडायची, पुसायची, जोडायची. बोलायला नको, आणि केलेलं दिसतं, असं काम मला तोवर मिळालं नव्हतं.

त्या गाडीत एक स्क्रू आहे. मोटारीच्या शाफ्टवर पितळी दातेरी चाक बसतं, करंगळीच्या नखाएवढं. ते शाफ्टला धरून ठेवणारा हा स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याला ग्रब स्क्रू म्हणतात. त्याला डोकं नसतं, तो पूर्ण आत बसतो. वरून दिसतं ते फक्त दीड मिलिमीटरचं षटकोनी भोक. त्यात एलन की घालायची आणि फिरवायची. मोटारीचा सगळा जोर त्या दाण्यावरून चाकांकडे जातो. तो ढिला पडला की मोटार नुसती ओरडते, गाडी जागची हलत नाही.

ती अष्टमी-नवमी यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीला पप्पांनी माझी गाडीही पूजेत मागितली. ती बी मशीनच की, म्हणाले. ताम्हनात कुंकू कालवलेलं होतं. ते गाडी उलटी धरून बराच वेळ बघत बसले. दुसऱ्याच्या मशीनकडे ते असंच बघतात, आधी हत्यार न लावता.

मग विचारलं, "हिचा जीव कशात हाय?"

मला तोपर्यंत गाडीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी झाकण काढलं आणि स्क्रू दाखवला. पप्पांनी करंगळी कुंकवात बुडवली आणि अगदी नेमक्या जागी एक थेंब ठेवला. इतर हत्यारांना ते अनामिकेनं भराभर बोट लावत जातात. इथं करंगळी वापरली, श्वास धरला. मला ते फार आवडलं होतं. मी झाकण लावलं, तो थेंब तसाच आत वाळला, आणि मी विसरून गेले.

पुढच्या वर्षी कौसाकाकूंची केबल तुटली.

कौसाकाकू आमच्या गल्लीतल्या. काका गेल्यावर दोन एकर हळद एकट्या बघतात आणि गल्लीत सगळ्यांना नावानं हाक मारून कामाला लावतात. विजेचा खांब रस्त्याच्या अलीकडे, विहीर आणि हळद पलीकडे. मधे रस्त्याखालून सिमेंटचा फूटभर रुंदीचा नळा गेलेला. त्यातून पप्पांनीच कधीकाळी केबल नेली होती. त्या साली रस्ता रुंद करायचं काम आलं, नळ्याला दोन्ही अंगांनी नवे तुकडे जोडले गेले आणि खोदताना मशीनच्या दातात केबल आली. आतल्या आत तुटली. नवी केबल ओढायची तर आधी आतून दोरी जायला हवी. केबल टाकताना तिच्यासोबत एक रिकामी दोरी आत सोडून द्यायची असते, पुढच्या वेळेसाठी. पप्पांनी ती सोडली नव्हती. हे पप्पांना ठाऊक होतं आणि काकूंनाही. काकू सगळ्या गोष्टींवर बोलायच्या, त्या एका गोष्टीवर बोलल्या नाहीत. पप्पांना तेच जास्त लागलं असावं.

हळद तेव्हा कंद भरायच्या बेतात असते. पाऊस थांबून बरेच दिवस झालेले. दुपारी पानं गुंडाळून उभी राहायची, संध्याकाळी उघडायची, आणि दर संध्याकाळी थोडी कमी उघडायची. काकू बांधावर उभ्या राहून नुसत्या बघायच्या. पप्पांनी बांबू घालून पाहिला, पाण्याचा काळा पाइप ढकलून पाहिला. साठ फुटांपैकी वीसेक फूट जायचा आणि जिथं जुना नळा नव्याला जोडलाय तिथं अडायचा. सांध्यावर चार बोटांची पायरी झाली होती. बांबू तिच्यात रुतायचा, पाइप वाकून मागे यायचा. मशीनवाल्यानं सांगून टाकलं होतं, दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलली की नळ्याच्या तोंडाशी मुरूम टाकून दाबणार. त्याला वरून घाई होती. नवमीला मात्र त्याची मशीन उभीच राहणार होती, कारण तिलाही हार घालायचा होता.

अष्टमीच्या दुपारी नळ्याच्या तोंडाशी पाच-सहा माणसं उकिडवी बसली होती. कुणी म्हणालं कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधू, कुणी म्हणालं मुंगूस. हसले. पप्पा हसले नाहीत. मी मागे बाभळीजवळ पाण्याची बाटली घेऊन उभी होते. मी वाकून नळ्यात पाहिलं. पायरी दिसत होती. माझ्या गाडीचं चाक त्या पायरीहून मोठं होतं.

"माझी गाडी जाईल," मी म्हणाले.

आवाज एवढा बारीक निघाला की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. काकूंनी ऐकलं. त्यांनी मला पुन्हा बोलायला लावलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पा म्हणाले, ते खेळणं हाय. काकू म्हणाल्या, "तुमचा बांबू लय शहाणा हाय, तो बसलाय मधेच. खेळणं तर खेळणं, जाऊ द्या की."

ठरलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता. येलदरीला धरणावर मासे धरणाऱ्या एका गिऱ्हाइकानं पप्पांना गळाच्या दोरीचं रीळ दिलेलं होतं. ती बारीक दोरी गाडी नेईल, तिला सुतळी, सुतळीला कासरा, कासऱ्याला केबल. सगळं इतकं सोपं वाटत होतं.

घरी येऊन अंगणात गाडी लावली. मोटार ओरडली. चाकं हलली नाहीत.

झाकण काढलं. पितळी चाक शाफ्टवर नुसतंच घसरत होतं. चूक माझी होती. शाफ्टची एक बाजू चपटी असते, ग्रब स्क्रूचं टोक त्या चपट्या बाजूवर बसवायचं असतं. मी गाडी नवी असतानाच कधीतरी अभ्यासाच्या गडबडीत ते थोडं बाजूला बसवलं होतं, आणि वर आटे सुटू नयेत म्हणून लावतात तो निळा गोंदही लावला होता. गोलाईवर बसलेला स्क्रू हळूहळू घसरला. आता तो काढायला हवा होता. चाक सरळ करायचं, मामांनी दिलेल्या पुडीतला नवा स्क्रू लावायचा. दहा मिनिटांचं काम. पप्पा आत हत्यारं धुवायला घेत होते, अंधार व्हायला आलेला. मी पोत्यावरून दीड एमएमची किल्ली उचलली, भोकात टेकवली आणि फिरवली.

किल्ली बसली आहे आणि फक्त टेकली आहे, यात केसाएवढा फरक असतो. बसलेल्या किल्लीवर जोर दिला की तो जोर स्क्रूच्या पोटात उतरतो. टेकलेल्या किल्लीवर दिला की ती मऊ गरकन फिरते. आवाज येत नाही. फक्त बोटांना कळतं की जिथं काहीतरी अडायला हवं होतं तिथं काहीच अडलं नाही. मी पुन्हा जोर दिला. पुन्हा तेच. भोकात पाहिलं तर तळाशी तांबूस काहीतरी दिसलं. गंज, मला वाटलं. पकड यावी म्हणून रबरबँडचा तुकडा मधे ठेवून पाहिला, तो फाटला. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा भोकाचे कोपरे गेलेले दिसले. सहा बाजूंचं भोक गोल झालं होतं. इतक्यात पप्पांनी आतून हाक मारली, ती बारकी किल्ली तुझ्याकडं हाय का. मी जाऊन दिली. त्यांनी ती धुतली, पुसली आणि रांगेत तिच्या जागी ठेवली.

त्या रात्री काय जेवले ते आठवत नाही.

नवमीची सकाळ. लाल कापडावर हत्यारं, झेंडूची फुलं, समई. पप्पा आंघोळ करून ओल्या केसांनी बसलेले, एकेकाला कुंकू लावत. गाडीला आज कामाला जायचं म्हणून तिला त्यांनी पूजेत मागितलं नाही. फक्त मान न वळवता विचारलं, "झाली का तयार?"

मी हो म्हणाले.

आजही मला ते हो कसं निघालं कळत नाही. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं की पुढं सांगावं लागतं, का नाही, कधीपासून नाही, काल सगळ्यांसमोर का बोललीस. एका ‘हो’मध्ये सगळं झाकून जातं. माझी आयुष्यभराची सवय तीच होती, आणि ती त्या दिवशी मला नीट कळली. रस्त्यावर मशीन उभी होती, तिच्या लोखंडी दातांना झेंडूचा हार. तिच्या पूजेनं आम्हाला एक दिवस मिळाला होता. आणि आमच्याच पूजेत, दहा पावलांवर, ती किल्ली कुंकू लावून पडली होती.

बारा वाजले. मी वरच्या खोलीत गाडी टेबलावर घेऊन बसले. पत्रे तापून कडकडत होते. स्क्रूला ड्रिल लावून भोक पाडता आलं असतं, ड्रिल पूजेत. खाच कापून चपट्या पेचकसानं काढता आला असता, कानस पूजेत, पेचकस पूजेत. डकवायचा गोंद घालून त्यात किल्ली चिकटवता आली असती, पण किल्ली पूजेत, आणि ते चुकलं तर मग काहीच उरत नव्हतं. काकू सकाळीच एकदा येऊन आईला सांगून गेल्या होत्या की चारला पलीकडच्या तोंडाशी त्याच बसणार, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. एक वाजला. खाली आई आमच्या दीड एकराच्या सोयाबीनची पोती शिवत होती. दाभण पोत्यातून जाताना होणारा खसकन आवाज वर येत होता, ठरावीक वेळानं, घड्याळासारखा.

करायला काहीच नव्हतं म्हणून मी फक्त बघत बसले. फोनचा कॅमेरा मोठा करून भोकात धरला. खिडकीतलं ऊन तिरपं आत गेलं. तळाशी लाल होतं. काल संधिप्रकाशात तांबूस दिसलेलं आज लख्ख लाल.

गंज असा नसतो.

आणि मग मला पप्पांची करंगळी आठवली.

वर्षभर मोटारीच्या उष्णतेनं ते कुंकू भाजून विटेसारखं घट्ट झालं होतं. अर्धं भोक त्यानं भरलेलं. म्हणून किल्ली खाली गेलीच नव्हती, वरच्या कडेवरच टेकली होती आणि तिनं तेवढीच कड खाल्ली होती. मी शाळेची कंपासपेटी काढली. डिव्हायडर, ते दोन टोकांचं कर्कटक, दहावीनंतर कधी हातात घेतलं नव्हतं. खाली आलेखाचा पांढरा कागद ठेवला आणि एका टोकानं कोरायला लागले. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं. जरा जास्त जोर झाला तर टोक मोडून आतच राहणार. कण सुटत होते, मुंगीच्या डोळ्याएवढे. कोरायचं, गाडी उलटी करून टिचकी मारायची, फुंकायचं, पुन्हा कोरायचं. कागदावर लाल धुळीचा छोटा ठिपका झाला. दोन वाजता मी पुन्हा कॅमेरा लावला. वरची कड गोल झालेली होती. तिच्याखाली, जिथं कुंकू होतं तिथं, सहा कोपरे होते. कालच्या किल्लीचा ओरखडाही त्यांच्यावर नव्हता.

किल्ली खाली गेली तर धरेल. पण किल्ली मागावी लागणार होती.

मी जिन्यातून दोनदा अर्ध्यावर आले आणि दोनदा वर गेले. तिसऱ्यांदा एका हातात गाडी आणि दुसऱ्यात तो कागद घेऊन दुकानात गेले. पप्पा खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. हत्याराविना त्यांचे हात अगदी उघडे पडल्यासारखे दिसत होते.

"पप्पा, मी सकाळी खोटं बोलले. गाडी चालत नाही."

ते उठून बसले. मी स्क्रूचं सांगितलं, चुकीच्या जागी बसवल्याचं, काल घाई केल्याचं, कोपरे गेल्याचं. एकदम इतकी वाक्यं मी त्यांच्याशी पूर्वी कधी बोलले असेन असं वाटत नाही. त्यांनी कागदाकडे बघितलं.

"हे काय निघालं?"

"गंज."

हे दुसरं खोटं. पण हे मी विचार करून बोलले. पप्पांनी चिमूट उचलली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. तीस वर्षं ते जळालेल्या मोटारी वासावरून ओळखतात. बोटं लाल झाली. ती त्यांनी बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे, मग समईकडे.

आई दारात दाभण घेऊन उभी होती. ती म्हणाली, तीन वाजायला आले. पप्पा म्हणाले, तुलाबी आज हत्यार हातात धरवतंय का. आई म्हणाली, "दाभण हत्यार झालं तर उलथनंबी हत्यारच. मग भाकरी का मागितली दुपारी?"

पप्पा उठले. पूजेसमोर उभे राहिले. पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पंखा बंद होता, समईसाठी. त्यांनी वाकून दोन बोटांनी ती एकच किल्ली उचलली, शेजारच्या कुठल्याही हत्याराला धक्का न लावता. कपाळाला लावली. सदऱ्याच्या टोकानं पुसली, आधी दांडा, मग टोक, मग पुन्हा टोक. आणि माझ्या हातात दिली.

"आधी बसू दे," ते म्हणाले. "मग जोर."

मी किल्ली भोकात उभी धरली. वरच्या गोल कडेवर ती हलली, सैल वाटली. मग बोटानं वरून हलकेच दाबलं आणि ती आत उतरली. थोडीशीच. पण उतरली आणि थांबली. मी फिरवली. ती घसरली नाही, फिरलीही नाही. निळा गोंद. तो तापवल्याशिवाय सोडत नाही, आणि सोल्डरिंगची इस्त्री पूजेत. मी एवढंच म्हणाले की गरम काहीतरी टेकवायला हवं. आई आत गेली, गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि सांडशीत लाल झालेलं दाभण धरून ती परत आली. मी स्क्रूवर जागा दाखवली. तिनं टेकवलं. पहिल्यांदा काही नाही. ती पुन्हा आत गेली. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा जळक्या गोंदाचा कडू वास आला. मी श्वास धरला, किल्ली दाबून ठेवली आणि अंगठ्यानं हळू, अगदी हळू ढकलत गेले. किल्ली कालसारखी कधीही गरकन फिरेल म्हणून सगळं अंग त्या दीड मिलिमीटरात गोळा झालं होतं. अचानक बोटाखाली बारीक करकर झाली. पाव फेरा. मग अर्धा. मग तो सहज यायला लागला.

तो दाणा माझ्या तळव्यावर पडला. मी चाक चपट्या बाजूवर सरळ केलं आणि पुडीतला नवा स्क्रू आवळला. आईनं सांडशी खाली ठेवली आणि म्हणाली, दाभण वाया गेलं, आता पोती कशानं शिवू.

चार वाजता नळ्याच्या तोंडाशी कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. काकू रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसलेल्या. मी गुडघ्यावर बसले. गाडीच्या मागं गळाची दोरी, दोरीचं रीळ पप्पांच्या हातात. गाडी आत गेली. मागच्या दिव्यांचे दोन ठिपके लहान होत गेले. रीळ पप्पांच्या बोटांवरून सरकत होतं. मग थांबलं. सांधा. मोटार ओरडत होती, आणि तो आवाज मला काल अंगणात ऐकू आलेल्या आवाजासारखाच वाटला. माझ्या मागं कुणीतरी च्च केलं. मी गाडी हातभर मागं घेतली, थांबले, आणि पूर्ण जोरानं सोडली. धप्प असा आवाज नळ्यातून आला. दिवे दिसेनासे झाले. रीळ पुन्हा सरकायला लागलं, आधी झटक्यानं, मग संथ. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी अंधारात बघत होते आणि अंगठा रिमोटवर दाबून धरला होता.

मग नळ्याच्या पोटातून काकूंचा आवाज आला, घागरीतून आल्यासारखा.

"अंजे, आली गं तुझी लेक. तहानलेली दिसायलीय, पाणी पाजू का?"

माणसं हसली. पप्पाही. दिवेलागणीपर्यंत केबल पलीकडे गेली. या वेळी पप्पांनी तिच्यासोबत कासरा आत सोडला आणि त्याची दोन्ही टोकं दगडाला बांधली. काकूंनी ते बघितलं आणि तेव्हाही काही बोलल्या नाहीत. विहिरीवरची मोटार चालू झाली. हळदीच्या सरीत पाणी शिरताना कोरडी माती जो आवाज करते तो मी रस्त्याच्या या बाजूनं ऐकला. घरी आल्यावर पप्पांनी किल्ली धुतली, पूजेत तिच्यासाठी मोकळी राहिलेली जागा होती तिथं ठेवली आणि तिला पुन्हा कुंकू लावलं. दांड्याला. टोक कोरडं ठेवलं.

पुण्यात नोकरीवर मी आता दिवसभर असलेच बारीक स्क्रू बघते. किल्ली लावण्याआधी प्रत्येक भोकात सुई फिरवते. बाकीचे हसतात, त्यांना वाटतं माझा स्वभाव संशयी आहे. मी कारण सांगत नाही. मात्र एखादी गोष्ट झाली नसेल तर नाही म्हणते. अजून आवाज बारीकच निघतो, कधीकधी दोनदा सांगावं लागतं.

आज संध्याकाळी पप्पा हत्यारं मांडत असताना मी पुन्हा रिळांमागच्या स्टुलावर बसले होते. माझी गाडी त्यांनी मी यायच्या आधीच पोत्यावर ठेवली होती, झाकण काढून. मी ती उचलून पाहिली. स्क्रूच्या भोकात पांढरं काहीतरी होतं. कापूस. दुसऱ्या प्रत्येक एलन बोल्टच्या भोकातही तसाच बारीक बोळा, मोटारींच्या, ड्रिलच्या, गिऱ्हाइकाच्या पंपाच्या. मी तीन वर्षांत त्यांना त्या कागदावरच्या लाल धुळीबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलंही नाही. पप्पांना आता जवळचं नीट दिसत नाही. सुईत दोरा घालायलाही ते आईला हाक मारतात. दीड मिलिमीटरच्या भोकात कापूस बसवायला त्यांना किती वेळ लागला असेल.

"कुंकू कुठं लावू उद्या?" त्यांनी विचारलं, मान न वळवता.

मी स्टुलावरून उठून पोत्याजवळ गेले, खाली बसले आणि त्याच स्क्रूवर बोट ठेवलं.